प्रतिशब्द, पडसाद, प्रतिसाद

१

एखादी घटना घडून गेल्यावर तिच्यामागून जे काही उमटत राहते, त्यासाठी इंग्रजीत शब्दांची एक मोठी रांग आहे. 'एको', 'रिव्हर्बरेशन', 'रिपर्कशन', 'रेझनन्स', 'आफ्टरमाथ' हे त्यांतील नेहमीच्या वापरातले. पर्यायकोशात ते शेजारीशेजारी बसतात. परंतु त्यांच्या मुळाशी असलेली चित्रे एकमेकांहून फार भिन्न आहेत. 'एको' हे ग्रीक पुराणकथेतील एका वनदेवतेचे नाव. 'रिपर्कशन' हा लॅटिनमधील आघातवाचक धातूपासून आलेला शब्द; आदळून मागे फिरणे हा त्याचा मूलार्थ. 'रिव्हर्बरेशन'च्या तळाशी चाबकाचा फटका आहे. 'रेझनन्स' म्हणजे पुन्हा निनादणे. 'आफ्टरमाथ' तर सरळ शेतातून आलेला आहे: गवताची एक कापणी झाल्यावर त्याच जमिनीत पुन्हा उगवणारे आणि पुन्हा कापले जाणारे गवत, हा त्याचा जुना अर्थ. युद्धानंतरची किंवा दुष्काळानंतरची परिस्थिती सांगण्यासाठी हा शब्द वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्यातील विळा आठवत असेल.

मराठी गद्यात या सगळ्यांच्या समोर बहुधा एकच शब्द उभा राहतो, तो म्हणजे 'पडसाद'. निर्णयाचे पडसाद उमटतात, भाषणाचे उमटतात, हत्येचे उमटतात, भाववाढीचे उमटतात. यावरून मराठीच्या शब्दसंपत्तीचे दारिद्र्य सांगण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. 'आफ्टरमाथ'मधील कल्पना मराठीला अनोळखी आहे असेही नाही. उसाच्या पट्ट्यातील शेतकऱ्याजवळ 'खोडवा' हा नेमका शब्द आहे: तोडणी झालेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटून येणारे पीक. मात्र तो शब्द बांधावरच राहिला. अग्रलेखात किंवा इतिहासग्रंथात त्याला प्रवेश मिळाला नाही. तेथे 'परिणाम', 'पश्चात्परिणाम' आणि 'पडसाद' यांवरच काम भागवले गेले.

असे असूनही दारिद्र्याचा हा निष्कर्ष घाईचा ठरेल. परभाषेतील शब्दाला स्वभाषेत जो समतुल्य शब्द योजायचा त्याला मराठी 'प्रतिशब्द' म्हणते, आणि 'प्रतिशब्द' व 'पडसाद' हे इतिहासदृष्ट्या एकच शब्द आहेत. त्यांच्या जोडीला, त्याच मुळाशी नाते सांगणारा तिसरा शब्द म्हणजे 'प्रतिसाद'. समतुल्यता, अनुनाद आणि उत्तर अशा तीन कल्पना मराठीने एकाच मुळातून वेगळ्या काढल्या आहेत. उणीव शब्दांची नसून या तिघांमधील सीमा पाळण्याची आहे. ती न पाळल्यामुळे साहित्यसमीक्षेचे आणि इतिहासलेखनाचे काय होते, हा येथील विवेचनाचा विषय आहे.

२

संस्कृतात 'प्रतिशब्द' याचा अर्थ प्रतिध्वनी असा आहे. 'रघुवंशा'च्या दुसऱ्या सर्गातील एक प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. नंदिनी धेनूच्या मागे वनात हिंडणारा दिलीप राजा हिमालयाची शोभा पाहण्यात क्षणभर गुंततो आणि तेवढ्यात सिंह गाईवर झडप घालतो. गाईचा आक्रोश गुहेत घुमतो आणि त्या घुमण्याने तो दीर्घ होतो. डोंगरावर खिळलेली राजाची दृष्टी त्या आवाजाने मागे खेचली जाते. या घुमण्यासाठी कालिदासाने 'प्रतिशब्द' हाच शब्द योजला आहे. येथे प्रतिध्वनी मूळ ध्वनीपेक्षा दुबळा नाही. तो मूळ ध्वनीला लांबी देतो आणि रक्षणाचे ज्याचे कर्तव्य आहे त्याच्या कानापर्यंत पोहोचवतो. नुसत्या आक्रोशाला जे साधले नसते ते त्याच्या प्रतिशब्दाने साधते.

प्राकृतात या शब्दाचे 'पडिसद्द' झाले आणि मराठीत 'पडसाद'. 'प्रति'चे 'पडि' होणे हा नित्याचा ध्वनिविकार आहे. 'प्रतिपदे'चा 'पाडवा' आणि 'प्रतिच्छाये'ची 'पडछाया' त्याच वाटेने आली. 'शब्द'चे 'सद्द' आणि पुढे 'साद' झाले. येथे अर्थातही एक सूक्ष्म फेर पडला: संस्कृत 'शब्द' कोणत्याही ध्वनीला लागतो, तर मराठीतील 'साद' म्हणजे कुणीतरी कुणाला तरी मारलेली हाक. साद घालावी लागते. ती आपोआप होत नाही. त्यामुळे 'पडसादा'च्या पोटात हाकेची कल्पना आहे. 'रिपर्कशन'मध्ये आघात आहे, 'पडसादा'त आवाहन आहे. दोन शब्द एकमेकांसमोर ठेवताना हा भेद नजरेआड होतो.

दुसरा बदल याहून महत्त्वाचा आहे. 'प्रतिध्वनी', 'प्रतिक्रिया', 'प्रतिकूल' या शब्दांतील 'प्रति' आजच्या मराठी भाषकाला स्पष्ट दिसते. त्यातील उलट येण्याची, समोरासमोर असण्याची जाणीव जिवंत आहे. 'पडसादा'तील 'पड' मात्र ओळखू येत नाही. ते 'पडणे' या क्रियापदातले वाटण्याचाच संभव अधिक. उपसर्ग झाकला गेला आणि त्याच्याबरोबर परत फिरण्याची कल्पनाही झाकली गेली. डोंगरातला प्रतिध्वनी हाक मारणाऱ्याकडेच परततो. आजच्या वापरातील पडसाद मात्र मूळ ठिकाणी परतत नाहीत: दिल्लीतील घटनेचे पडसाद मुंबईत उमटतात, विधानसभेतील ठरावाचे पडसाद गावात उमटतात. उपसर्गाचा अर्थ हरवल्यामुळेच हा शब्द दूरवर पसरणाऱ्या परिणामांसाठी मोकळा झाला, असे मानावयास जागा आहे. त्याच्या जोडीचे 'उमटणे' हे क्रियापदही या विस्ताराला सोयीचे ठरले. सूर उमटतो, पाण्यावर तरंग उमटतो, मातीत पाऊल उमटते, कागदावर ठसा उमटतो. ऐकू येणारे आणि दिसणारे, क्षणिक आणि टिकाऊ, अशा दोन्ही प्रकारच्या खुणा या एका क्रियापदात सामावतात.

'प्रतिशब्द' या तत्सम रूपाने निराळा मार्ग धरला. परभाषेतील शब्दांसमोर स्वभाषेतील शब्द मांडण्याचा उद्योग महाराष्ट्रात जुना आहे. शिवकाळातील 'राज्यव्यवहारकोशा'त कारभारात रुळलेल्या फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत शब्द देण्यात आले. एकोणिसाव्या शतकात या उद्योगाला निराळे प्रमाण आले. १८२९ मध्ये शास्त्री मंडळींनी सिद्ध केलेला 'महाराष्ट्र भाषेचा कोश', १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८४७ मध्ये मोल्सवर्थने आरंभलेला आणि कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश आणि १८५७ मध्ये मोल्सवर्थच्या कोशाची वाढवलेली दुसरी आवृत्ती, अशी ही मालिका आहे. यांपैकी इंग्रजी-मराठी कोशाने मराठीवर एक नवीच जबाबदारी टाकली. इंग्रजी शब्द डावीकडे उभा आणि मराठीने त्याला उजवीकडून उत्तर द्यायचे, ही कोशाच्या पानाची रचना पुढे शाळेची, कचेरीची आणि भाषांतराच्या धंद्याची रचना झाली. प्रतिध्वनीचा वाचक असलेला शब्द समतुल्य शब्दाचा वाचक म्हणून मराठीत रुळला तो या वातावरणात. हे अर्थांतर सहज वाटते, पण त्याच्या पोटात एक गृहीतक आहे: आधी तिकडून हाक येते, मग इकडून तिचा नाद निघतो.

'प्रतिसाद' या शब्दाची घडण या दोहोंहून वेगळी आहे. त्याचा पूर्वार्ध संस्कृत, उत्तरार्ध मराठी. 'प्रति' उपसर्ग पुन्हा उघडपणे पुढे आला आणि त्याच्याशी 'साद' जोडला गेला. 'पडसादा'त झाकली गेलेली समोरासमोर असण्याची कल्पना 'प्रतिसादा'त परत मिळाली. आवाहनाला प्रतिसाद देतात, उपचारांना रुग्ण प्रतिसाद देतो, नाटकाला प्रेक्षकांचा प्रतिसाद मिळतो. व्याकरणही येथे बोलके आहे. पडसाद 'उमटतात', त्यांना कर्ता लागत नाही. प्रतिसाद 'दिला' जातो. देणारा कोणीतरी असावाच लागतो.

३

एकाच मूळ शब्दाची तत्सम आणि तद्भव अशी दोन रूपे भाषेत एकत्र नांदू लागली की त्यांच्यात केवळ अर्थाचीच नव्हे, प्रतिष्ठेचीही वाटणी होते. 'भिक्षा' आणि 'भीक' ही त्याची परिचित जोडी: भिक्षा मागणारा पूज्य ठरू शकतो, भीक मागणारा नाही. 'गर्भिणी' स्त्री असते, 'गाभण' गाय किंवा म्हैस. 'क्षेत्र' आणि 'शेत' ही जोडीही अशीच. संस्कृत 'क्षेत्र' झिजून 'शेत' झाले आणि नांगराखाली गेले. 'क्षेत्र' हे मूळ रूप तीर्थाला, ज्ञानशाखेला, मतदारसंघाच्या नकाशाला आणि सरकारी मोजणीला लागू झाले. सातबाराच्या उताऱ्यावर शेताची नोंद होते ती 'क्षेत्र' या मथळ्याखाली. ज्याचे शेत आहे त्याच्या तोंडी एक शब्द आणि ज्याच्या दप्तरात ते नोंदले जाते त्याच्या लेखणीत दुसरा.

या जोडीचा इतिहास जमिनीवरच वाचता यावा असे एक गाव म्हणजे ठाण्याचे कोलशेत. घोडबंदर रस्त्याच्या पूर्वेला, उल्हास नदीच्या खाडीकाठी वसलेले हे आगरी-कोळ्यांचे गाव आज ठाणे महानगराचा भाग आहे. नावातील पहिल्या पदाविषयीचे तर्क बाजूला ठेवले तरी दुसरे पद उघड आहे. ज्या बोलीत 'पाणी'चे 'पानी' आणि 'डोळा'चा 'डोला' होतो, त्या बोलीच्या प्रदेशातील हे 'शेत' आहे. १९६० नंतर ठाणे आणि त्याचा परिसर राज्याच्या औद्योगिक धोरणात अग्रभागी आला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ ची, आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या आरंभीच्या वसाहतींपैकी. कोलशेतच्या रस्त्यावरही रसायनांचे कारखाने उभे राहिले. कागदोपत्री जो शब्द आला तो 'औद्योगिक क्षेत्र' हा. १९८२ मध्ये ठाणे महानगरपालिका झाली. पुढे कारखान्यांचा काळ सरला आणि एकविसाव्या शतकात त्यांच्या जमिनींवर निवासी मनोरे उठले. या तिसऱ्या टप्प्याचा परवलीचा शब्द 'चटई क्षेत्र'.

इंग्रजीत घराच्या आतील वापरायोग्य जागेला 'कार्पेट एरिया' म्हणतात. जेवढ्या जमिनीवर गालिचा अंथरता येईल तेवढी जागा. शासकीय मराठीने गालिच्याची चटई केली आणि 'एरिया'चे 'क्षेत्र'. 'चटई क्षेत्र निर्देशांक' हा मराठी पारिभाषिक शब्द त्यातून सिद्ध झाला. भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल हे सांगणारा हा अंक. येथे प्रतिशब्द शब्दशः बरोबर आहे, आणि तरीही तो कुणाच्याही अनुभवातून आलेला नाही. ज्या घरांत खरोखर चटई अंथरली जात होती तेथे क्षेत्र मोजले जात नव्हते. जेथे ते मोजले जाते तेथे चटई अंथरली जात नाही. मूळ शब्दाचा नाद निघाला, पण नाद देणाऱ्या भाषेचा धातू त्यात वाजला नाही.

१९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषेवर असा आक्षेप आरंभापासून घेतला गेला. १९६२ च्या 'पदनाम कोशा'ची 'बदनाम कोश' म्हणून थट्टा झाली. ती थट्टा सर्वस्वी न्याय्य नव्हती. त्याआधीच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून आलेले 'दिनांक', 'महापौर' यांसारखे शब्दही एके काळी कृत्रिमच वाटले होते आणि पुढे ते पचले. प्रतिशब्द कृत्रिम आहे म्हणून तो त्याज्य ठरत नाही. तो कोणत्या थरातून उचलला जातो, हा खरा प्रश्न आहे. तत्समाकडेच हात जाण्याची सवय लागली की 'खोडवा' उपेक्षित राहतो आणि 'पश्चात्परिणाम' तयार होतो. कोलशेतमध्ये जे घडले त्याला अहवालात 'नागरीकरणाचे पडसाद' असे म्हणण्याची रीत आहे. या शब्दयोजनेत खरेदीखते नाहीत, विकास आराखडा नाही, निर्देशांक ठरवणारे कोणी नाही. शेताचे क्षेत्र होणे हा निर्णयांचा इतिहास आहे. 'पडसाद' हा शब्द त्याला निसर्गाचा नियम करून टाकतो.

४

साहित्यसमीक्षेतही हाच शब्द याच रीतीने काम करतो. 'युरोपीय आधुनिकतेचे मराठी कवितेतील पडसाद', 'इंग्रजी स्वच्छंदतावादाचे पडसाद' अशी भाषा वाङ्मयेतिहासात रूढ आहे. तिच्यामागचे गृहीतक कोशाच्या पानाचेच आहे: डावीकडे मूळ, उजवीकडे नाद. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाने या गृहीतकाला आव्हान दिले, परंतु पुष्कळदा चर्चा 'पडसाद चांगले की वाईट' याच वादात अडकून पडली. जे उमटले ते मुळात पडसाद होते काय, हा आधीचा प्रश्न तसाच राहिला.

केशवसुतांनी १८९२ मध्ये 'मयूरासन आणि ताजमहाल' लिहून इंग्रजी सॉनेट मराठीत आणले. त्या रचनाप्रकाराला त्यांनी 'चतुर्दशक' म्हटले. ओळी मोजून दिलेले ते नाव. पुढे रूढ झाला तो 'सुनीत' हा शब्द. 'सॉनेट'च्या उच्चाराचा नाद त्यात स्पष्ट ऐकू येतो, आणि त्याचबरोबर संस्कृत व्युत्पत्तीने 'उत्तम रीतीने नेलेले' असा स्वतंत्र अर्थही तो देतो. 'प्रतिशब्द' या शब्दाचे दोन्ही अर्थ, ध्वनीचा आणि समतुल्यतेचा, 'सुनीता'त एकत्र आले आहेत. 'कादंबरी' या शब्दाची कहाणी याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तेथे इंग्रजी शब्दाचा लवलेशही नाही. बाणभट्टाच्या एका कथाग्रंथाचे, त्यातील नायिकेचे नाव एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराला मिळाले. 'चतुर्दशक' मोजते, 'सुनीत' ऐकते, 'कादंबरी' आठवते. प्रतिशब्द देण्याच्या या तीन पद्धती आहेत आणि त्यांपैकी कोणतीही केवळ प्रतिध्वनी नाही.

ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस'मधील एकोची कथा येथे आठवण्यासारखी आहे. शापामुळे तिला दुसऱ्याच्या बोलण्यातील शेवटचे शब्दच तेवढे उच्चारता येतात. तथापि नार्सिससच्या तोंडचे तेच शब्द ती अशा जागी तोडते की त्यांतून तिचे स्वतःचे मनोगत व्यक्त होते. तो झिडकारतो त्या शब्दांतून ती स्वतःला देऊ करते. उसन्या शब्दांनाही बोलणाऱ्याची जागा लाभते. वॉल्टर बेंजामिनने १९२३ च्या आपल्या भाषांतरविषयक निबंधात भाषांतरकाराला भाषेच्या अरण्याबाहेर उभे केले आहे. तो आत न शिरता हाक घालतो, पण जेथून त्याच्याच भाषेत मूळ कृतीचा नाद उठेल अशी नेमकी जागा त्याला शोधावी लागते. जागा शोधणे हे कर्तृत्व आहे. डोंगराला ते करावे लागत नाही.

भारतीय काव्यशास्त्राने या बाबतीत अधिक नेमकी संज्ञा दिली आहे. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त व्यंग्यार्थाच्या एका प्रकाराला अनुस्वानाची उपमा दिली. घंटेवर टोला पडल्यानंतर तिच्यात जो नाद मागाहून लहरत राहतो, त्याप्रमाणे वाच्यार्थानंतर क्रमाने जाणवणारा अर्थ. त्यालाच अनुरणनरूप म्हटले जाते. प्रतिध्वनी आणि अनुरणन यांतील फरक साहित्येतिहासाच्या फार उपयोगाचा आहे. प्रतिध्वनीला भिंत लागते. आवाज एकीकडचा आणि तो परतवणारी वस्तू दुसरीकडची. अनुरणन हे आघात झालेल्या वस्तूचे स्वतःचे असते. टोला बाहेरून येतो, परंतु नाद कसा निघेल हे घंटेच्या धातूवर, तिच्या घडणीवर अवलंबून असते. त्याच टोल्याने पितळ एका तऱ्हेने वाजेल, कासे दुसऱ्या, आणि लाकूड वाजणारच नाही.

बा. सी. मर्ढेकरांच्या कवितेला हा भेद लावून पाहावा. 'काही कविता' १९४७ मध्ये प्रसिद्ध झाल्या तेव्हापासून त्यांच्यावर इंग्रजी नवकाव्याच्या, विशेषतः एलियटच्या, प्रभावाची चर्चा होत आली. प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. मर्ढेकरांचा इंग्रजी काव्याचा व्यासंग सर्वज्ञात आहे. परंतु महायुद्धोत्तर यंत्रयुगाचा आघात त्यांच्या कवितेत ज्या वळणांनी निनादतो ती वळणे अभंगाची आणि ओवीची आहेत. संतकवितेत ज्या ठिकाणी भक्ताची आर्तता असायची, नेमक्या त्या ठिकाणी शहरी माणसाची विटंबना येऊन बसते आणि छंद जुन्या श्रद्धेची आठवण करून देत राहतो. हे आंग्ल भिंतीवरून परतलेले पडसाद नव्हेत. हे मराठी धातूचे अनुरणन आहे आणि, त्यात कवीची निवड असल्यामुळे, तो प्रतिसादही आहे.

दलित साहित्याच्या बाबतीत ही गल्लत अधिक अन्यायकारक ठरते. १९७२ मध्ये मुंबईत 'दलित पँथर' स्थापन झाली. तिचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर्सवरून घेतलेले आहे हे उघड आहे. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. या नामसादृश्यावरून निग्रो साहित्याचे पडसाद शोधण्याची घाई काही समीक्षकांना झाली. वस्तुतः दूरच्या एका लढ्याची हाक ऐकून स्वतःच्या लढ्याला ते नाव देणे ही जाणीवपूर्वक केलेली कृती आहे. 'गोलपिठा'ची भाषा मुंबईच्या वस्तीतून आली, आणि तिच्यामागे आंबेडकरी चळवळीची अर्धशतकाची मशागत होती. ज्याने निवडले, नाव दिले आणि त्याची किंमत मोजली, त्याला भिंत म्हणता येत नाही.

५

समीक्षेतील ही गल्लत साहित्यकृतीवर अन्याय करते. इतिहासलेखनातील तीच गल्लत माणसांवर करते. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली, कुटुंबे परागंदा झाली. नामविस्तार प्रत्यक्षात येण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडले. 'नामांतराच्या ठरावाचे मराठवाड्यात तीव्र पडसाद उमटले' हे वाक्य या सोळा वर्षांविषयी कितीतरी ठिकाणी वाचावयास मिळते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. मात्र त्यात ठराव हा आवाज ठरतो आणि जळालेली घरे हा त्याचा नाद. हाक मारणारा दोषी ठरू शकतो, कारण तो नसता तर नाद उमटला नसता. घर पेटवणारा मात्र वाक्यात कोठेच नाही. 'साद'मधील आवाहनाचा अर्थ येथे क्रूर होऊन परततो.

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबईत डिसेंबर आणि जानेवारी अशा दोन टप्प्यांत झालेल्या हिंसेविषयीही 'पडसाद' हाच शब्द वापरला गेला. या हिंसेच्या चौकशीसाठी नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये सादर झाला. ९०० मृत्यूंची नोंद करणाऱ्या त्या अहवालाने संघटित हल्ल्यांची, त्यांमागील राजकीय नेतृत्वाची आणि पोलिसांच्या पक्षपाताचीही नोंद केली. म्हणजे ज्या ठिकाणी वृत्तभाषेने 'उमटले' म्हटले होते, त्या ठिकाणी आयोगाने 'केले' हे क्रियापद शोधले आणि त्याचा कर्ताही. चौकशी आयोगाचे काम एका अर्थाने व्याकरणाचेच काम असते: कर्तृहीन वाक्यांना कर्ता मिळवून देणे.

यातून 'पडसाद' हा शब्द टाकून द्यावा असा निष्कर्ष निघत नाही. असे अनेक परिणाम असतात की ज्यांना खरोखरच एक कर्ता नसतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली. तिचे समाजजीवनात, भाषेत, जातीच्या शिवाशिवीत जे पडसाद उमटले ते कोणी एकाने घडवले नव्हते. रेल्वे आखणाऱ्यांच्या मनात त्यांपैकी पुष्कळसे नव्हतेही. तेथे हा शब्द आपल्या जागी आहे, आणि 'परिणाम' या कोरड्या शब्दात नसलेली दूरवर घुमत राहण्याची जाणीव तो देतो. प्रश्न एवढाच की ज्या ठिकाणी कुणीतरी ऐकले, ठरवले आणि केले, त्या ठिकाणी डोंगराचे व्याकरण लावले जाऊ नये.

त्यासाठी मराठीजवळ 'प्रतिसाद' आहे, आणि त्याच्यापुढचा शब्दही आहे. इंग्रजीत 'रिस्पॉन्स' आणि 'रिस्पॉन्सिबिलिटी' यांचे मूळ एक आहे. मराठीने हा संबंध दोन स्वतंत्र वाटांनी जपला: संस्कृताकडून 'उत्तरदायित्व' आले, अरबी-फार्सीकडून 'जबाबदारी'. दोन्ही शब्दांत उत्तर आहे, जबाब आहे. ज्याला विचारता येते आणि ज्याने उत्तर द्यायचे असते, तोच जबाबदार. प्रतिध्वनीला कोणी जाब विचारत नाही, कारण तो उत्तर नसतो. 'रघुवंशा'तील गुहा गाईचा आक्रोश लांबवते, पण भात्यातील बाणाकडे हात जातो तो राजाचा. कालिदासाने प्रतिशब्द गुहेला दिला आणि प्रतिसाद दिलीपाला. मराठी इतिहासलेखनाला आणि समीक्षेला हे दोन शब्द वेगळे ठेवता आले, तर त्यांतील पुष्कळ वाक्यांचे कर्ते पुन्हा दिसू लागतील.